गिरणीतल्या बायका आणि चार टन पालक

मुंबईच्या कापड गिरण्या जोरात होत्या त्या काळात गिरणीत राबणाऱ्या कितीतरी गरोदर बायका पांढऱ्याफटक पडायच्या. चार पावलं टाकली की धाप लागायची. काही जणी बाळंतपणातच दगावायच्या. या दुखण्याचा छडा लावायला 1928 साली डॉ. ल्यूसी विल्स इंग्लंडहून मुंबईत आल्या. परळची हाफकिन संस्था हे त्यांचं मुख्य ठिकाण.

रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला की तांबड्या पेशी कमी दिसत, पण आकाराने मोठ्या. लोह कमी पडलं तर पेशी लहान राहतात. म्हणजे हा पंडुरोग निराळा होता. विल्स यांनी आधी जंतूंचा माग काढला, मग बायकांच्या ताटात काय पडतं ते पाहिलं. ज्यांच्या वाट्याला भाजीपाला, फळं अगदीच कमी येत, त्या गरीब बायकांना हा आजार जास्त होता. इंग्लंडात पावाला लावून खातात तो मार्माइट नावाचा यीस्टचा अर्क त्यांनी या बायकांना दिला आणि त्या भराभर सुधारल्या. 1931 मध्ये हे निष्कर्ष छापून आले. पण अर्कातलं कोणतं द्रव्य काम करतं, ते तेव्हा कळलं नव्हतं.

दहा वर्षांनी, 1941 साली, टेक्सासमध्ये मिचेल, स्नेल आणि विल्यम्स या शास्त्रज्ञांनी सुमारे चार टन पालकातून एक द्रव्य वेगळं काढलं. तेच फोलिक ॲसिड. गिरणीतल्या बायकांना जे कमी पडत होतं, तेही हेच.

आपण मात्र पालकाचं कौतुक करतो ते लोहासाठी. 100 ग्रॅम कच्च्या पालकात लोह असतं जेमतेम 2.7 मिलिग्रॅम, आणि त्यातलंही थोडंच अंगी लागतं. भाजीवर लिंबू पिळलं तर ते प्रमाण वाढतं, जेवणावर लगेच चहा घेतला तर घटतं. कॅल्शियमची तऱ्हा त्याहून वाईट, कारण पालकातलं ऑक्झॅलेट ते धरून ठेवतं. फोलेट (फोलिक ॲसिडचं भाजीतलं रूप) मात्र तेवढ्याच पानांत 190 मायक्रोग्रॅमच्या घरात, म्हणजे मोठ्या माणसाच्या दिवसाच्या गरजेच्या निम्म्याच्या आसपास. (हे आकडे विलायती पालकाचे. आपल्या मंडईतली जुडी पुष्कळदा बीटच्या जातकुळीतली असते.)

या फोलेटची खरी निकड गर्भाला, आणि तीही अगदी सुरुवातीला. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून घडतात, ती गर्भधारणेनंतर 28 दिवसांच्या आत मिटते. दिवस गेल्याचं कित्येकींना तोवर कळलेलंही नसतं. आधीच्या बाळात ही नळी नीट न मिटण्याचा दोष होता अशा स्त्रियांना फोलिक ॲसिडची गोळी दिली, तर पुन्हा तो होण्याची शक्यता सुमारे 70 टक्क्यांनी कमी होते, हे 1991 साली सिद्ध झालं. म्हणून मूल हवं असेल तर गोळी आधीपासून सुरू करायला डॉक्टर सांगतात. पालक रोज खाल्ला तरी ती टाळू नये.

स्वयंपाकघरात हे फोलेट आपणच घालवतो. पातळ भाजीसाठी पालक भरपूर पाण्यात उकळायचा आणि ते हिरवं पाणी मोरीत ओतायचं, यात जवळजवळ निम्मं फोलेट वाहून जातं. पानं आधी धुवावीत, मग चिरावीत. वाफेवर शिजवून, सुटलेल्या पाण्यासकट डाळीचं पीठ लावून ताकात घोटावीत. भिजवलेली हरभरा डाळ, शेंगदाणे आणि वरून लसणाची फोडणी पडली की भाजी चवीलाही उतरते. फोडणीतलं तेल इथे उपयोगाचं आहे, कारण पालकातलं ल्युटिन आणि कॅरोटीन स्निग्धाबरोबरच शोषलं जातं.

ज्यांना ऑक्झॅलेटचे मुतखडे होतात त्यांनी मात्र उलट करावं. त्यांनी पालक उकळून पाणी टाकून द्यावं, आणि तोही बेताने खावा. रक्त पातळ ठेवायला वॉरफरिन घेणाऱ्यांना पालक वर्ज्य नाही. पण त्यात व्हिटॅमिन के भरपूर असल्याने आज जुडीभर आणि मग महिनाभर काहीच नाही, असं त्यांनी करू नये. आठवड्याला जेवढा खातो तेवढाच ठेवावा, आणि बदल करायचा झाला तर आधी डॉक्टरांच्या कानावर घालावा.