चढावर गाडी बंद का पडते? मॅन्युअल गिअरच्या मोटारीचे मंद गतीतील गणित

नवी दिल्ली : सिग्नल हिरवा होतो, मागून हॉर्न सुरू होतात, चालक घाईने क्लचवरील पाय उचलतो आणि मोटार एक गचका देऊन जागीच बंद पडते. देशातील कोणत्याही शहरात रोज दिसणारा हा प्रसंग सपाट रस्त्यावर फार तर ओशाळवाणा ठरतो. उड्डाणपुलाच्या चढावर किंवा घाटातील वळणावर मात्र तोच अपघाताला निमंत्रण देऊ शकतो. स्वयंचलित गिअरच्या गाड्यांची संख्या वाढत असली, तरी देशातील रस्त्यांवर धावणाऱ्या मोटारींमध्ये मॅन्युअल गिअरच्या गाड्या आजही मोठ्या प्रमाणात आहेत. अशा गाडीचे वर्तन वेगात असताना सरळ व समजण्यासारखे असते. तिचा खरा स्वभाव कळतो तो ताशी १५ किलोमीटरच्या खाली.

इंजिनाला शून्यापासून सुरुवात करता येत नाही

या प्रश्नाचे मूळ इंजिनाच्या रचनेतच आहे. विजेची मोटर स्थिर अवस्थेतूनही पूर्ण जोर लावू शकते. पेट्रोल किंवा डिझेलच्या इंजिनाला ते शक्य नसते. इंधनाचे ज्वलन अखंड चालू राहण्यासाठी त्याला एका किमान गतीने फिरत राहावेच लागते. या गतीला ‘आयडलिंग’ म्हणतात. बहुतेक मोटारींत ती मिनिटाला सुमारे ७०० ते ९०० फेरे एवढी असते.

मिनिटाला ८०० फेरे घेणाऱ्या चार सिलिंडरच्या इंजिनात दर सेकंदाला सुमारे २७ वेळा ज्वलन होते, तर तीन सिलिंडरच्या इंजिनात २० वेळा. दोन ज्वलनांमधील हा अवकाश भरून काढण्याचे काम फ्लायव्हील हे जड चाक करते. आज अनेक लहान मोटारींत तीन सिलिंडरची इंजिने असतात. सिग्नलवर उभ्या असताना त्यांची थरथर थोडी अधिक जाणवते, त्याचे एक कारण हे आहे. या अवस्थेत इंजिनाकडे जेमतेम स्वतःला फिरते ठेवण्याइतकी आणि त्याहून थोडीच अधिक ताकद असते. गाडीचा सगळा भार एकाएकी त्याच्यावर पडला, तर ते दमते आणि थांबते.

क्लच : दोन गतींमधील मध्यस्थ

फिरते इंजिन आणि उभी चाके यांचा मेळ घालण्याचे काम क्लचचे. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये घर्षणाचे अस्तर असलेली एक तबकडी असते. पेडल पूर्ण दाबले की ती सुटी होते आणि इंजिनाचा चाकांशी संबंध तुटतो. पेडल सोडले की ती घट्ट दाबली जाते. या दोन टोकांमध्ये एक अरुंद पट्टा असतो. तेथे तबकडी घसरत घसरत पकड घेते. चालक ज्याला ‘अर्धा क्लच’ म्हणतात, तो हाच.

त्या क्षणी इंजिनाचा आवाज किंचित खाली येतो आणि बोनेटचा पुढचा भाग हलकेच उचलल्यासारखा वाटतो. येथे पाय क्षणभर स्थिर ठेवला, तर चाकांना गती घेण्यास अवधी मिळतो. पाय झटक्यात उचलला, तर तो अवधीच उरत नाही. मग एक तर गाडी पुढे झेपावते, नाही तर इंजिन बंद पडते.

ताशी सहा किलोमीटरचे गणित

क्लच पूर्ण सोडल्यावर इंजिन आणि चाके यांचे नाते निश्चित गुणोत्तराने बांधले जाते. उदाहरणादाखल पाहू. पहिल्या गिअरचे गुणोत्तर ३.५ आणि अंतिम गुणोत्तर ४.१ धरले, तर चाकाच्या एका फेऱ्यासाठी इंजिनाला सुमारे १४ फेरे घ्यावे लागतात. मिनिटाला ८०० फेऱ्यांच्या गतीवर चाक सुमारे ५६ वेळा फिरेल. टायरचा परीघ १.८ मीटर असेल, तर गाडी मिनिटाला १०० मीटर, म्हणजेच ताशी सहा किलोमीटर वेगाने जाईल. हा वेग झपझप चालणाऱ्या माणसाएवढा असतो. दुसऱ्या गिअरचे गुणोत्तर १.९ असेल, तर हाच वेग ताशी ११ किलोमीटरच्या आसपास येतो.

ॲक्सिलरेटर न दाबता त्या त्या गिअरमध्ये गाडी जो किमान वेग सुखाने राखू शकते, तो हा. गतिरोधकावर दुसऱ्याच गिअरमध्ये वेग ताशी सात-आठ किलोमीटरपर्यंत उतरला, तर चाके इंजिनाला त्याच्या किमान गतीच्याही खाली ओढतात. गाडी थरथरते, गचके देते. अशा वेळी पहिला गिअर घ्यावा किंवा क्लच दाबावा, एवढाच त्या थरथरीचा अर्थ असतो. थांबताना आधी ब्रेक दाबावा आणि वेग या किमान मर्यादेजवळ आल्यावरच क्लच दाबावा, हा नियमही याच गणितातून येतो.

संगणकाची अदृश्य मदत

कार्ब्युरेटरच्या काळात इंजिनाची किमान गती एका स्क्रूने ठरवली जाई. थंडीच्या सकाळी चोक ओढावा लागे आणि तरीही गाडी दोन-तीनदा बंद पडे. आता हे काम इलेक्ट्रॉनिक नियंत्रक करतो. फेरे घटताहेत असे दिसताच तो हवा व इंधनाचे प्रमाण वाढवतो. म्हणूनच अनेक नव्या गाड्या, विशेषतः डिझेलच्या, सपाट रस्त्यावर ॲक्सिलरेटरला पाय न लावताही केवळ क्लच हळूवार सोडून पुढे सरकू शकतात. वातानुकूलन यंत्रणेचा कॉम्प्रेसर सुरू झाला की आवाजात होणारा बदल हाही याच नियंत्रकाचा परिणाम होय. कॉम्प्रेसरचा भार पेलण्यासाठी तो इंजिनाला थोडे अधिक बळ देतो.

या मदतीलाही मर्यादा आहेत. पाच प्रवासी, भरलेली डिकी, सुरू असलेला एसी आणि समोर चढ असे सारे एकत्र आले, तर नियंत्रकाची तत्परता अपुरी पडते. तेथे चालकानेच आधी ॲक्सिलरेटर किंचित दाबून फेरे वाढवायला हवेत.

चढावरची कसोटी

चढावर दुहेरी अडचण असते. गाडीला पुढे नेण्यासाठी अधिक बळ लागते आणि ब्रेक सोडताच ती मागे जाऊ लागते. उजवा पाय ब्रेकवरून ॲक्सिलरेटरवर जाईपर्यंतचा क्षण सर्वाधिक धोक्याचा. मागे दुचाकी किंवा पादचारी असेल, तर दोन-तीन फुटांची घसरणही महाग पडते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील वाहनचालक चाचणीच्या नियमात या कौशल्याचा स्वतंत्र उल्लेख आहे. तीव्र चढावर गाडी थांबवून, हँडब्रेकचा किंवा ॲक्सिलरेटर व पायाच्या ब्रेकचा योग्य वापर करत, ती मागे न जाऊ देता पुन्हा सुरू करणे उमेदवाराला आले पाहिजे.

यासाठी हँडब्रेकची पद्धत आजही सर्वांत भरवशाची आहे. हँडब्रेक ओढून ठेवावा, पहिला गिअर टाकावा, ॲक्सिलरेटर किंचित दाबावा आणि क्लच पकड घेईपर्यंत सोडावा. गाडी पुढे जाऊ पाहते आहे असे जाणवले की हँडब्रेक सोडावा. अनेक नव्या मोटारींत ‘हिल होल्ड’ सुविधा असते. ती ब्रेकचा दाब साधारणतः दोन सेकंद टिकवून धरते. हा अवधी पाय हलवण्यापुरता असतो, विचार करण्यापुरता नव्हे.

हिमालयात आणखी एक घटक भर घालतो. रोहतांग खिंडीच्या, म्हणजे सुमारे ३,९७८ मीटर उंचीवर हवा समुद्रसपाटीपेक्षा जवळपास एक-तृतीयांशाने विरळ असते. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद त्या प्रमाणात घटते. मैदानी भागात ज्या सवयीने गाडी सहज निघते, त्याच सवयीने तेथे ती बंद पडते. तो गाडीचा दोष नसतो. अशा उंचीवर चढावर निघताना फेरे नेहमीपेक्षा अधिक ठेवणे आवश्यक असते.

बंद पडल्यावर काय करावे

इंजिन बंद पडल्यावर पहिली कृती गाडी पुन्हा सुरू करण्याची नसावी. आधी ब्रेक घट्ट दाबावा. ब्रेकला बळ देणारा निर्वात दाब इंजिन थांबल्यानंतरही एक-दोन वेळा दाबण्यापुरता शिल्लक असतो. ब्रेक वारंवार सोडून-दाबून तो संपवला, तर पेडल कडक होते. ब्रेक तेव्हाही लागतो, पण त्यासाठी बराच जोर लावावा लागतो. अनेक गाड्यांत स्टिअरिंगही जड होते. म्हणून ब्रेक, हँडब्रेक, क्लच, न्यूट्रल आणि मग स्टार्टर हा क्रम पाळावा. गिअरमध्ये असलेली गाडी क्लच न दाबता सुरू केल्यास स्टार्टरच तिला पुढे किंवा मागे ढकलतो. सोसायटीच्या वाहनतळात असा एक धक्का समोरच्या भिंतीपुरताच राहील, याची शाश्वती नसते.

उतारावर न्यूट्रल : बचतीचा गैरसमज

इंधन वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकण्याची सवय अनेकांना आहे. इंधन इंजेक्शन असलेल्या गाड्यांच्या बाबतीत तिचे समर्थन करता येत नाही. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की चाकेच इंजिनाला फिरवतात आणि नियंत्रक इंधनपुरवठा जवळजवळ थांबवतो. फेरे किमान गतीजवळ आले की तो पुन्हा सुरू होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन फिरते ठेवण्यासाठी इंधन जळतच राहते. त्याहून गंभीर बाब म्हणजे इंजिनाचा रोध नाहीसा होतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. घाटातील लांब उतारावर सतत दाबलेले ब्रेक तापून त्यांची पकड ढिली होऊ शकते. उतारावर त्वरेने खालच्या गिअरमध्ये जाता येणे हीदेखील वाहनचालक चाचणीच्या नियमातील एक अट आहे.

क्लचची झीज आणि वाहतूक कोंडी

मुंबई, दिल्ली किंवा बेंगळुरूच्या कोंडीत क्लचचे आयुष्य चालकाच्या डाव्या पायावर अवलंबून असते. चढावर ब्रेकऐवजी अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरणे ही सर्वांत घातक सवय. त्यात तबकडी सतत घसरते, तापते आणि जळका वास येऊ लागतो. पेडलवर पाय विनाकारण टेकवून ठेवल्यानेही पकड सैल होते. दीर्घ सिग्नलवर न्यूट्रल टाकून क्लच पूर्ण सोडणे, आणि पुढच्या गाडीमागे इंच-इंच सरकण्याऐवजी थोडे अंतर पडू देऊन पहिल्या गिअरच्या सहज गतीने पुढे जाणे, हे दोन उपाय बिनखर्चाचे आहेत. लहान इंजिनही उभ्या अवस्थेत तासाला साधारण अर्धा ते एक लिटर इंधन जाळते. त्यामुळे थांबा लांबणार असेल, तर इंजिन बंद करणेच श्रेयस्कर.

भारतात २०१४ मध्ये सेलेरिओ मोटारीपासून रुळलेल्या ‘एएमटी’ गाड्यांत क्लच पेडल नसते, पण घर्षणाची तबकडी तीच असते. ती पायाऐवजी यंत्रणा हाताळते, एवढाच फरक. म्हणून त्या गाडीलाही चढावर केवळ ॲक्सिलरेटरच्या आधारे उभी धरल्यास क्लच तापतोच.

वाहन शिकवताना वेग, वळणे आणि खुणा यांवर भर दिला जातो. क्लचची ओळख मात्र बहुधा घाईत उरकली जाते. मोकळ्या, सपाट मैदानात ॲक्सिलरेटरला स्पर्श न करता केवळ क्लचच्या आधारे गाडी वीस-पंचवीस वेळा हलवण्याचा आणि थांबवण्याचा सराव केल्यास पकड कोठे सुरू होते हे डाव्या पायाला कळते. दुसऱ्याची गाडी चालवायला घेताना आणि क्लच बदलल्यानंतरही हा सराव पुन्हा करावा, कारण पकडीची ती जागा प्रत्येक गाडीत वेगळी असते.