धावत्या जोडीचे छायाचित्र

शंकरपट पाहून संध्याकाळी घरी परतलेल्या कुणाचाही फोन उघडून पाहा. शंभर चित्रे निघतील. त्यांतल्या निम्म्यांत बैल पांढरे फटक, ना डोळा दिसतो ना कान. उरलेल्यांत जोडी निघून गेलेली आणि मागे नुसता धुरळा. दोष फोनचा नाही, बरं का.

आधी उजेडाचे पाहू. कॅमेऱ्याला बैल कळत नाही, मातीही कळत नाही. समोर दिसेल त्याची तो सरासरी काढतो आणि ती मध्यम करडी असावी असे धरून चालतो. आता आपल्या वऱ्हाडात चौकटीत काय येते? सगळीकडे काळी माती आणि मधोमध एखादी गवळाऊ जातीची पांढरीशुभ्र जोडी. कॅमेऱ्याला वाटते, इथे अंधार आहे. तो जास्त उजेड आत घेतो. माती करडी होते आणि बैल जळून जातात. जळालेल्या जागेतून पुढे काही काढता येत नाही. काळवंडलेल्या जागेतून थोडेफार निघते. म्हणून फोनच्या पडद्यावर बैलाच्या अंगावरच बोट टेकवा, आणि तरीही पांढरे वाटले तर उजेडाची पट्टी किंचित खाली ओढा.

हाती साधा कॅमेरा असेल तर जुना हिशेब अजून उपयोगी पडतो. कडक ऊन, संवेदनक्षमता १००, छिद्र १६, वेळ सेकंदाचा १/१२५ भाग. छिद्राचा आकडा १६ वरून ११ केला की छिद्र मोठे होते, उजेड दुप्पट येतो. मग वेळ निम्मी करायची. असे करत ५.६ वर आलात की वेळ १/१००० होते.

एवढी कमी वेळ कशाला? समजा, जोडी ताशी ३६ किलोमीटरने धावते. म्हणजे सेकंदाला १० मीटर. १/१०० सेकंदात ती १० सेंटिमीटर पुढे सरकते आणि चित्र फरकटते. १/१००० सेकंदात सरकते ती फक्त १ सेंटिमीटर. पण सगळेच गोठवले तर धावणारी जोडी उभी असल्यासारखी दिसते, हेही खरे. म्हणून कधी वेळ १/६० ठेवून जोडीबरोबर कमरेतून वळत जा आणि वळता वळताच बटण दाबा. दहात नऊ चित्रे फसतील. दहाव्यात जोडी स्पष्ट आणि मागची गर्दी वाहत गेलेली दिसेल. मला स्वतःला हीच रीत आवडते.

फसलेल्या चित्राचीही एक गंमत आहे. १९१२-१३ च्या सुमारास जाक आँरी लार्तिग या फ्रेंच तरुणाने मोटारशर्यतीत असाच वळत फोटो काढला. त्याच्या कॅमेऱ्यात उजेडाची अरुंद फट काचेवरून सरकत जाई, त्यामुळे चाके लंबवर्तुळाकार होऊन पुढे झुकली, प्रेक्षक मागे कलले. गाडीचा पुढचा भाग तर चौकटीबाहेरच राहिला. १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात लार्तिगची चित्रे मांडली गेली आणि आज ते चित्र वेगाचे चित्र म्हणून जगभर ओळखले जाते. आपला फोनही चित्र ओळीओळीने वाचतो. छकड्याची चाके तिरपी आली तर घाबरू नका.

आता काटछाट. जोडीच्या पुढे मोकळी जागा ठेवा, मागे कमी. धावायला वाट हवी. खूर कापू नका. रुंदी आणि उंची दोन्ही निम्मी केलीत तर चित्राचा चौथा हिस्साच उरतो. फोनवर तो चालेल, शाळेच्या भिंतीवर मोठा करून लावता येणार नाही. म्हणून आधीच जवळची जागा धरा. मात्र दोराच्या बाहेर आणि बाजूला. समोरून चांगला फोटो येतो म्हणून धावेवर उभे राहणे म्हणजे जीव गहाण टाकणे होय.

आणि एक काटछाट करू नये अशी आहे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या शर्यती बंद केल्या. राज्याने २०१७ मध्ये कायदा बदलला, डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये तो कायदा वैध ठरवला. जनावराचा छळ होऊ नये, या अटीवर पट सुरू आहे. तेव्हा धुरकऱ्याच्या वर गेलेल्या हातात काठी असेल तर ती चित्र देखणे करण्यासाठी छाटू नका, आणि हात रिकामा असेल तर तोही राहू द्या. मास्तरांनी मुलांना हे जरूर सांगावे. मूळ चित्र वेगळे जपून ठेवावे, कात्री चालवायची ती प्रतीवर.