भिंतीवरचं घड्याळ गोलच दिसायला हवं

नव्वदच्या दशकात लग्न झालं की घरात व्हिडिओ कॅसेट यायचीच. आज त्या कॅसेटी डिजिटल करून आणल्या जातात, पेनड्राइव्ह मोठ्या टीव्हीला लावला जातो, आणि पहिल्याच दृश्यात काहीतरी खटकतं. नवरीचा चेहरा रुंद, आजोबा बुटके, भिंतीवरचं गोल घड्याळ आडवं पसरलेलं. याला कॅसेटचं वय कारणीभूत नसतं. चौकट बदलताना रुंदी आणि उंचीचं गुणोत्तर सुटलेलं असतं. घरच्या संगणकावर हे नीट करता येतं. शाळेतलं त्रैराशिक आणि थोडा धीर एवढं पुरतं.

कापणं वेगळं, ताणणं वेगळं

जुन्या टीव्हीचं गुणोत्तर ४:३, आजच्या टीव्हीचं १६:९ आणि उभ्या मोबाइलचं ९:१६. ४:३ चं चित्र १६:९ च्या पडद्यावर ताणून भरलं की चित्रातली प्रत्येक वस्तू एक तृतीयांशाने रुंद होते.

इथे दोन कामांत गल्लत होते. कापणं म्हणजे क्रॉप करणं. त्यात चौकटीच्या कडा जातात, पण उरलेल्या भागातली माणसं आहेत तशीच राहतात. दुसरं काम आकार बदलण्याचं. त्यात उरलेलं सगळं चित्र लहान किंवा मोठं होतं. ते आडवं जितक्या पटीने वाढेल तितक्याच पटीने उभं वाढलं नाही, तर माणसं बिघडतात.

पहिली पायरी: पिक्सेलचा आकार

भारतात त्या काळी टीव्हीची पद्धत पाल होती. त्यामुळे आपल्या कॅसेटची डिजिटल फाइल बहुधा ७२० × ५७६ पिक्सेलची असते. ७२० ला ५७६ ने भागलं तर १.२५ येतात, आणि ४:३ म्हणजे तर १.३३. हा फरक पडतो, कारण इथला पिक्सेल चौरस नाही, किंचित आडवा आहे.

याचं मूळ १९८२ च्या एका आंतरराष्ट्रीय मानकात आहे. पाल आणि अमेरिकेतली एनटीएससी या दोन्ही पद्धतींना एकच मोजमाप चालावं म्हणून दोन्हींसाठी एका ओळीत ७२० नमुने ठरले. ओळी मात्र वेगवेगळ्या होत्या, त्यामुळे दोन्हीकडे पिक्सेलचा चौरस बिघडला. पालच्या ४:३ चित्रात पिक्सेलची रुंदी आणि उंची १२:११ अशी धरतात.

त्यातही ७२० च्या ७२० स्तंभांत चित्र नसतं. दोन्ही कडांचे ८-८ स्तंभ राखीव जागेसारखे असतात. ते काढले की ७०४ उरतात. ७०४ ला १२ ने गुणून ११ ने भागा. उत्तर येतं ७६८, आणि ७६८ × ५७६ म्हणजे नेमकं ४:३. बरीच सॉफ्टवेअर सगळे ७२० स्तंभच ७६८ करतात. त्यात सुमारे दोन टक्क्यांची चूक राहते. ती डोळ्यांना सहसा जाणवत नाही, पण टाळता येते.

दुसरी पायरी: ओळी जुळवा

जुन्या व्हिडिओत एक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांची असते. एकात सम ओळी, दुसऱ्यात विषम. हालचाल असली की कडांना कंगव्याचे दात दिसतात ते यामुळेच. उंची बदलण्याआधी डीइंटरलेस करून घ्या, म्हणजे ही दोन अर्धी चित्रं जुळवून घ्या. नंतर केलं तर ते दात चित्रात कायमचे मिसळतात.

तिसरी पायरी: कात्री

व्हीएचएस कॅसेटच्या चित्रात तळाशी काही ओळी थरथरत्या, फाटलेल्या दिसतात. त्या कापायला हव्यात, पण नुसत्या तळाच्या ओळी कापल्या तर चौकट ४:३ राहत नाही. ७०४ आणि ५७६ यांचं प्रमाण ११:९ आहे. म्हणून ९ ओळी कापल्या तर ११ स्तंभ कापायचे. १८ ओळी काढल्या तर २२ स्तंभ. उरतं ६८२ × ५५८.

कापण्याचे आकडे सम ठेवा. बहुतेक व्हिडिओंत रंगाची माहिती शेजारच्या दोन-दोन पिक्सेलना मिळून एकच साठवलेली असते, विषम आकड्याने ती जोडी तुटते. म्हणून २२ स्तंभ ११-११ असे वाटू नका. एका बाजूने १०, दुसऱ्या बाजूने १२ घ्या.

चौथी पायरी: आकार बदला

आता उंची १०८० करायची आहे. ६८२ ला १२ ने गुणून ११ ने भागलं की ७४४. म्हणजे खरं चित्र ७४४ × ५५८. मग त्रैराशिक मांडा: ५५८ ला ७४४, तर १०८० ला किती? १४४०. सॉफ्टवेअरला ६८२ × ५५८ वरून एकदाच १४४० × १०८० करायला सांगा. दोन टप्प्यांत केलं तर चित्र दोनदा मऊ पडतं.

नंतर पिक्सेलचं गुणोत्तर १:१ अशी नोंद फाइलमध्ये करायला विसरू नका. जुनी १२:११ ची नोंद तशीच राहिली तर प्लेअर दुरुस्त चित्र पुन्हा रुंद करतो. सगळी आकडेमोड बरोबर असूनही चित्र बिघडतं ते बऱ्याचदा इथे.

पाचवी पायरी: उरलेली जागा

१९२० × १०८० च्या चौकटीत १४४० रुंदीचं चित्र मधोमध ठेवलं की दोन्ही बाजूंना २४० पिक्सेलच्या काळ्या पट्ट्या राहतात. त्या राहू द्या. त्या घालवायला वरून-खालून कापलं तर उंचीचा चौथा हिस्सा जातो, आणि लग्नाच्या चित्रणात त्या चौथ्या हिश्श्यात कुणाचा तरी फेटा असतो, कुणाचे तरी वाकून नमस्कार करणारे हात असतात.

मोबाइलसाठी उभी चौकट हवी असेल तर १०८० उंचीला रुंदी येते ६०७.५, सम आकडा म्हणून ६०८ घ्या. १४४० पैकी जेमतेम ४२ टक्के चित्र उरतं. एकट्या माणसाचा चेहरा असेल तर हे चालतं. सगळं कुटुंब एका ओळीत उभं असेल तर कापू नका. पूर्ण चित्र १०८० × ८१० करून १०८० रुंदीच्या उभ्या चौकटीच्या मध्यावर ठेवा.

सगळं झालं की समोरून दिसणारी एखादी गोल वस्तू असलेलं दृश्य थांबवा. भिंतीवरचं घड्याळ सगळ्यांत चांगलं. पडद्यावर पट्टी धरून त्याची रुंदी आणि उंची मोजा. दोन्ही सारखी आली तर काम बरोबर झालं. आणि मूळ फाइल कधीही पुसू नका. आकडा चुकला तर पुन्हा करता येतो, पण कॅसेटवरची फीत दरवर्षी थोडी थोडी झिजत असते.