पागडीचं नवं गणित आणि करी रोडची जुनी पावती

नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात 11 डिसेंबर 2025 रोजी उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी मुंबईतल्या पागडी इमारतींसाठी स्वतंत्र नियमावलीची घोषणा केली. ऐकायला गणित सोपं आहे. भाडेकरूला त्याच्या ताब्यातल्या जागेइतका एफएसआय (चटईक्षेत्र निर्देशांक), मालकाला जमिनीच्या मालकीपोटी एफएसआय, गरीब रहिवाशांच्या बांधकाम खर्चासाठी प्रोत्साहनपर एफएसआय आणि उंचीच्या बंधनामुळे तो जागेवर वापरता आला नाही, तर इतरत्र वापरता येणारा टीडीआर. सगळ्यांना सगळं! प्रश्न एवढाच, की यातला ‘भाडेकरू’ नेमका कोण?

करी रोड स्टेशनवरून महादेव पालव मार्गाला लागलं की टॉवरांच्या सावलीत अजून चाळी उभ्या दिसतात. तिथे या प्रश्नाचं उत्तर एका कागदावर असतं. भाडेपावती. तळहाताएवढा कागद. वर मालकाच्या ट्रस्टचं किंवा घराण्याचं नाव, खाली खोली क्रमांक, मूळ भाडं, परवानगीयोग्य वाढ आणि दुरुस्ती उपकर यांचे वेगवेगळे रकाने. आणि भाडेकरूच्या जागी, अनेकदा, गिरणीत कामाला असलेल्या आणि केव्हाच वारलेल्या आजोबांचं नाव. भाडं नातू भरतो, पावती आजोबांच्या नावाने फाटते.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 याबाबत स्पष्ट आहे. भाडेकरू वारला, तर मृत्यूसमयी त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे भाडेहक्क जातो. तसं कुणी नसेल तरच अन्य वारसाकडे, आणि एकमत झालं नाही तर कोर्ट ठरवतं. म्हणजे तीन भावांपैकी दोघे डोंबिवलीला, विरारला गेले आणि धाकटा आईवडिलांपाशी खोलीत राहिला, तर पारडं धाकट्याचं जड. खोली मृत्युपत्राने कुणाला देऊन टाकता येत नाही, हेही सुप्रीम कोर्टाने 1994 मध्येच सांगून ठेवलं आहे. तरीही चाळीचाळीत अशी मृत्युपत्रं ट्रंकेत जपून ठेवलेली असतात. चाळ पडेपर्यंत भावाभावांत सगळं गोड असतं. बिल्डरचा माणूस पात्रता यादी करायला आला, की भांडी वाजू लागतात.

मालकाला खलनायक ठरवणं मुंबईत नेहमीच सोपं गेलं. त्याची बाजू आकड्यांत पाहावी. जुन्या मुंबई भाडे कायद्याने भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीवर गोठवली. ते मनमानीचं असल्याचं सुप्रीम कोर्टाने 1997 मध्ये सांगितलं, तेव्हा कुठे नवा कायदा आला आणि 31 मार्च 2000 पासून लागू झाला. त्यात वाढ दिली वर्षाला चार टक्के. 2000 साली एखाद्या खोलीचं भाडं 60 रुपये असेल, तर पंचवीस वाढींनंतर ते होतं साधारण 160. एवढ्यात मालकाने जिना दुरुस्त करायचा, गच्चीची गळती थांबवायची? तो करत नाही. त्याची खरी कमाई खोली एका भाडेकरूकडून दुसऱ्याकडे जाते तेव्हाची. पागडीच्या, म्हणजे भाडेहक्कापोटी मोजलेल्या रकमेतला साधारण तिसरा हिस्सा मालकाचा, हा बाजाराचा रिवाज आहे. पागडी घेणं आधी गुन्हा होतं, 1999 च्या कायद्याने ते राजरोस केलं.

याच 160 रुपयांवरून दुसरं गणित मांडता येतं. म्हाडा कायद्यात 1986 मध्ये घातलेलं प्रकरण आठ-अ सांगतं, की उपकरप्राप्त इमारतीतल्या सत्तर टक्के रहिवाशांनी मागणी केली, तर सरकार ती संपादन करू शकतं. मोबदला महिन्याच्या निव्वळ उत्पन्नाच्या शंभर पट. शंभर खोल्यांची चाळ असेल तर फार तर 16 लाख रुपये. अख्ख्या चाळीचे! याविरुद्ध प्रॉपर्टी ओनर्स असोसिएशन 1992 मध्ये सुप्रीम कोर्टात गेली. प्रकरण पाचांकडून सातांकडे, सातांकडून नऊ न्यायमूर्तींकडे चढत राहिलं आणि 5 नोव्हेंबर 2024 ला निकाल लागला: प्रत्येक खासगी मालमत्ता ही ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ नव्हे. मालकांनी पेढे वाटावेत असाच निकाल, पण नऊ जणांपुढे होता तो फक्त घटनात्मक प्रश्न. आठ-अ वैध की अवैध, हे त्यात ठरलंच नाही.

दुसरा धक्का म्हाडाला बसला. म्हाडा कायद्यात 2020 च्या दुरुस्तीने आलेल्या 79-अ कलमानुसार धोकादायक इमारतीच्या मालकाला पुनर्विकासाचा प्रस्ताव द्यायला सहा महिने, तो न दिल्यास रहिवाशांना सहा महिने, आणि त्यानंतर इमारत म्हाडा ताब्यात घेते. कल्पना चांगली. पण इमारत धोकादायक असल्याचं सक्षम प्राधिकाऱ्याने रीतसर ठरवण्याआधीच कार्यकारी अभियंत्यांनी नोटिसांचा सपाटा लावला. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये ताशेरे ओढत अशा 935 नोटिसांना स्थगिती दिली.

नव्या घोषणेकडे म्हणूनच जरा डोळे बारीक करून पाहायला हवं. विकास नियंत्रण नियमावलीतला 33(7) आजही उपकरप्राप्त चाळीतल्या छोट्या खोलीवाल्याला किमान 300 चौरस फूट कार्पेट देतो. दहा बाय बाराच्या खोलीला तिच्याइतकाच एफएसआय मिळून तिथे घर होत नाही. हे दोन नियम एकमेकांत कसे बसवणार, यावर सगळं अवलंबून आहे. मालक-भाडेकरूंचे सुमारे 28 हजार खटले प्रलंबित असल्याचं आणि त्यांसाठी जलदगती न्यायालयं मागणार असल्याचं सरकारनेच सांगितलं. एफएसआयपेक्षा हे आश्वासन मोलाचं, कारण वाद मिटल्याशिवाय पात्रता यादी पुरी होत नाही आणि यादीशिवाय चाळ रिकामी होत नाही.

नियमावलीत बदल करताना सरकारला साधारणपणे राजपत्रात सूचना काढून हरकतींसाठी महिनाभराची मुदत द्यावी लागते. करी रोडकरांनी त्या महिन्याची वाट पाहत बसू नये. ट्रंकेतली पावती आजच काढून नाव वाचावं. ते आजोबांचं असेल, तर मृत्यूचा दाखला, जुनं रेशनकार्ड आणि भावंडांची लेखी ना-हरकत घेऊन मालकाकडे अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. मालक पावती देत नसेल तर भाडं मनीऑर्डरने पाठवावं. घेतलेल्या भाड्याची पावती देणं त्याच्यावर कायद्याने बंधनकारक आहे.