ओंडक्यावरच्या अळिंबीची पन्नास वर्षे

1972 पर्यंत अमेरिकेत शिटाके अळिंबीचे जिवंत बियाणे आणायला बंदी होती. रेल्वेचे लाकडी स्लीपर कुजवणारी एक बुरशी शिटाकेच्या नात्यातली मानली जाई आणि त्या गल्लतीपायी शिटाकेही संशयित ठरली होती. बंदी उठली आणि दहा वर्षांनी, 1982 साली, गॅरी लीथम यांचा लाकूड-उत्पादनांच्या एका नियतकालिकातला लेख आला. ओंडक्यांवरची शिटाके हा अमेरिकेतला संभाव्य उद्योग आहे, असे त्याचे शीर्षकच सांगत होते. ‘उद्योग’ या शब्दाने पुढे बराच घोळ घातला असे मला वाटते. त्यानंतरच्या वर्षांचा हिशेब मांडला तर ही लागवड उद्योग म्हणून हरली, पण लहान शेताचे दुय्यम पीक म्हणून टिकली. तिच्या अपयशाच्या बहुतेक कहाण्या पहिल्या अपेक्षेच्या आहेत, पद्धतीच्या नाहीत.

पद्धत तशी फार जुनी. चीनमधल्या वांग झेन यांच्या 1313 च्या कृषिग्रंथात झाड पाडून, त्यावर कुऱ्हाडीने खाचा पाडून अळिंबीची वाट पाहण्याचे वर्णन आहे. जपानी शेतकरीही कित्येक पिढ्या खाचा पाडून वाऱ्यावरच्या बीजाणूंच्या भरवशावर बसत. हा जुगार मोडला तो 1940 च्या दशकाच्या आरंभी. किसाकू मोरी यांनी लाकडाच्या छोट्या खुंट्यांमध्ये शुद्ध बुरशी वाढवून त्या ओंडक्यात ठोकण्याची युक्ती काढली. अमेरिकेत गेली ती ही सुधारलेली रीत: ओक किंवा मेपलसारख्या कठीण लाकडाचे, चार ते सहा इंच जाडीचे, तीन-चार फुटी ओंडके झाडांना पालवी फुटण्याआधी तोडायचे, साल शाबूत ठेवायची, इंचभर खोल भोके पाडून बियाणे भरायचे, वर मेण लावायचे आणि सावलीत रचून ठेवायचे. सहा ते अठरा महिन्यांनी बुरशीने लाकूड व्यापले की पहिला बहर. पुढे ओंडका दिवसभर गार पाण्यात बुडवला की आठवडाभरात अळिंबी फुटते, मग सहा-आठ आठवडे विश्रांती. असे तीन-चार वर्षे चालते.

या संथपणावरच घाव बसला. लाकडाचा भुसा आणि धान्याचा कोंडा पिशवीत भरून, वाफेने निर्जंतुक करून त्यावर शिटाके घेण्याचे तंत्र पेन स्टेट विद्यापीठातले डॅनियल रॉयस यांच्यासारख्या संशोधकांनी घोटून बसवले. त्यांच्या मांडणीत भुशाच्या ठोकळ्याचे अख्खे चक्र सुमारे चार महिन्यांत संपते आणि शंभर किलो कोरड्या भुशामागे 75 ते 125 किलो ताजी अळिंबी मिळते. ओंडक्याला सुमारे सहा वर्षे लागतात आणि त्याच हिशेबाने उत्पन्न फार तर 33 किलो. त्यात 1980 च्या दशकाच्या अखेरीस चीनने जपानला मागे टाकले आणि भुशावरचा स्वस्त माल जगभर गेला. घाऊक बाजारात ओंडक्याने या मालाशी भिडावे, ही अपेक्षा मुळातच चुकीची होती.

पण 33 किलो हा आकडा लाकडाला किंमत असते तेव्हाच बोचतो. लहान शेताच्या कडेला राखलेल्या रानात विरळणी करावीच लागते आणि त्यातून निघणारी चार-सहा इंची लाकडे एरवी चुलीत जातात. रान दाट असेल तर सावली फुकट. तोडणी आणि बियाणे भरणे हिवाळ्याच्या अखेरीस, भाजीपाल्याची धावपळ सुरू होण्याआधी होते. कॉर्नेल आणि व्हरमाँट विद्यापीठांच्या विस्तारसेवेने गेल्या दशकात याच अंगाने लागवड शिकवली: रानाचे जोडपीक म्हणून, थेट ग्राहकाला विकायचे. तिथे ओंडक्यावरच्या शिटाकेला पौंडाला साधारण 12 ते 16 डॉलर मिळत. पाचशे ओंडके, वर्षाला दोन बहर, प्रत्येकी पाव ते अर्धा पौंड धरले तर 250 ते 500 पौंड. 12 डॉलरने तीन ते सहा हजार डॉलर. संसार चालवायला अपुरे, पण दुय्यम पिकाला वाईट नाही.

इथे आक्षेप येतो की या हिशेबात मजुरी कुठे आहे? आक्षेप खरा आहे. ओंडक्याला चाळीस भोके धरली तर पाचशे ओंडक्यांना वीस हजार भोके. शिवाय प्रत्येक बहराला प्रत्येक जड ओंडका पाण्यात टाकून पुन्हा काढायचा, तेही ऐन उन्हाळ्यात, भाजीपाल्याच्या गर्दीत. म्हणून मजूर लावून ही शेती वाढवणाऱ्याला ती परवडत नाही, आणि तशी कुणी वाढवू नये हेच माझे म्हणणे आहे. घरामागच्या बागेत तर गणितच वेगळे. आठ-दहा ओंडके घराच्या उत्तरेच्या सावलीत ठेवले, कोरड्या दिवसांत पाणी दिले, की वसंतात आणि शरदात पावसाबरोबर ते आपणहून फुटतात. बुडवण्याची यातायात नाही. याउलट, ओंडक्यावरची अळिंबी औषधी आणि जीवनसत्त्वयुक्त असते हा विक्रेत्यांचा दावा मी बाजूला ठेवेन. ऊन दाखवले तर भुशावरच्या अळिंबीतही ड जीवनसत्त्व तयार होते. पोत आणि चव यांबद्दल ग्राहक जास्त पैसे मोजतात, तेवढे पुरे आहे.

झाडे तोडावी लागतात, या हरकतीला उत्तर जपानमध्ये सापडते. क्यूशू बेटावरच्या कुनिसाकी द्वीपकल्पात कुनुगी ओक सुमारे पंधरा वर्षांनी तोडतात, बुंध्यातून तो पुन्हा फुटतो आणि हीच झाडे गावोगावच्या तळ्यांचे पाणलोट सांभाळतात. 2013 साली या व्यवस्थेला जागतिक कृषिवारशाचा दर्जा मिळाला. पण माझ्या मांडणीला सर्वांत अवघड प्रश्नही जपानच विचारतो. तिथे ओंडक्यावरची शिटाके खरोखरच उद्योग होती: वाळवलेल्या मालाचे उत्पादन 1984 साली सोळा हजार टनांच्या पुढे होते. आज ते दोन हजारांच्या आसपास घुटमळते. चिनी आयात, बदललेले स्वयंपाकघर आणि म्हातारे झालेले शेतकरी ही कारणे अमेरिकेलाही कमीअधिक लागू पडतात. 2011 नंतर आणखी एक भर पडली. फुकुशिमा हा इतर प्रांतांना ओंडके पुरवणारा मोठा प्रदेश होता; अणुभट्टीच्या अपघाताने त्याची राने दूषित झाली आणि किलोमागे 50 बेकरेलपेक्षा जास्त सीझियम असलेले ओंडके लागवडीला वर्ज्य ठरले. आपल्या रानापुरते पिकवणाऱ्याला निदान लाकूड कुठून आले हे ठाऊक असते. लाकूड विकत घेणारा जपानी उत्पादक तेव्हापासून महागड्या, दुरून आणलेल्या ओंडक्यांवर विसंबून आहे, आणि भुशाच्या ठोकळ्यांकडे वळणाऱ्यांत त्याचाही समावेश आहे.