रेणूंचा संसार

काव्यशास्त्र शिकविताना मी वर्गात दरवर्षी सांगतो : उपमा ही नेहमी एकदेशी असते. मुख चंद्रासारखे म्हटले, म्हणजे त्यावर डागही आहेत असे कवीला सुचवायचे नसते. कवीचे तेवढ्यावर भागते. शास्त्रज्ञाचे भागत नाही. आपली उपमा कोठे तुटते, हे त्याला स्वतःच शोधावे लागते. वायूंच्या रेणूंची कथा ही अशीच एका तुटलेल्या उपमेची कथा आहे. म्हणूनच माझ्यासारख्या साहित्याच्या माणसालाही तिचा मोह पडतो.

वायू म्हणजे सैरावैरा धावणाऱ्या असंख्य चेंडूंचा मेळा, ही कल्पना डॅनियल बर्नूलीने 1738 साली मांडली. चेंडू भिंतींवर आदळतात, तोच दाब. त्यांची धाव वाढते, तेच उष्णतामान वाढणे. जेम्स क्लार्क मॅक्सवेलने 1860 मध्ये तिला गणिताची शिस्त लावली. त्यातून निष्कर्ष निघाला की, वायू विरळ केला तरी त्याचा चिकटपणा कमी होत नाही! कोणाला पटावे हे? पण पुढे मॅक्सवेलने पत्नी कॅथरीनच्या मदतीने घरीच प्रयोग केले, आणि गणित खरे ठरले.

एवढे यश पदरात असताना एक लहानसा आकडा मात्र जुळेना. तो समजण्यासाठी घरातलीच उपमा घेऊ. हेलियमचा एकटा अणू म्हणजे ब्रह्मचारी. त्याला दिलेली सगळी उष्णता धावपळीत जाते, आणि थर्मामीटरला धावपळच तेवढी कळते. नायट्रोजनचा दोन अणूंचा रेणू म्हणजे जोडपे. कार्बन डायऑक्साइडचा तीन अणूंचा रेणू म्हणजे लेकुरवाळे घर. तेथे वाटेकरी वाढतात : धावणे, गिरक्या घेणे आणि अणूंचे आपसांत थरथरणे. जुने गणित बजावी की, प्रत्येकाला सारखा वाटा मिळालाच पाहिजे.

हे वाटेकरी मोजण्याची युक्ती मोठी मौजेची आहे. वायू फुगू देऊन तापविण्यास लागणारी उष्णता आणि बंद भांड्यात तापविण्यास लागणारी उष्णता यांचे गुणोत्तर काढायचे. ब्रह्मचाऱ्याचे ते 1.67 यावे, कुंट आणि वारबुर्ग यांना 1875 च्या सुमारास पाऱ्याच्या वाफेत तसेच आढळले. हवेसाठी मात्र मॅक्सवेलचे गणित 1.33 सांगे आणि प्रयोग 1.408. थरथर हिशेबात धरली, तर गणित आणखीच खाली घसरे.

एवढ्याशा फरकाकडे कोणीही काणाडोळा केला असता. मॅक्सवेलने केला नाही. मेळ बसत नाही, हे त्याने 1860 च्या निबंधातच लिहून टाकले. आणि 1875 साली लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे बोलताना रेणुसिद्धांतापुढची सर्वांत मोठी अडचण म्हणून हीच सांगितली. बोल्ट्झमनने 1876 मध्ये जोडप्याला ताठ डंबेल मानून थरथर वगळली, उत्तर 1.4 आले. पण ती का वगळायची? 1900 साली लॉर्ड केल्व्हिनने भौतिकशास्त्रावरच्या दोन काळ्या ढगांपैकी एक म्हणून याच कोड्याकडे बोट दाखविले.

ढग निवळला तो पुंजसिद्धांताने. प्लँकची ही कल्पना आइन्स्टाइनने 1907 मध्ये घन पदार्थांच्या उष्णतेला लावली, आणि वायूंचे कोडेही सुटू लागले. थरथर हा वाटेकरी मोठा मानी. घेईन तर अख्खी नोट, सुटे पैसे नकोत! नेहमीच्या उष्णतामानात नायट्रोजनच्या रेणूंच्या टकरींतून मिळते ती चिल्लर, म्हणून तो हात आखडून बसतो. ऑयकेनने 1912 मध्ये हायड्रोजन उणे 200 अंशांखाली नेला, तेव्हा गिरक्याही जणू थांबल्या आणि जोडपे ब्रह्मचाऱ्यासारखे वागू लागले.

हा नुसता पुस्तकी वाद नव्हे. अंतराळयान सेकंदाला सात-आठ किलोमीटर वेगाने परतते, तेव्हा पुढची हवा हजारो अंश तापते. तेथे नोटांची उधळण होते; झोपलेली थरथर जागी होते, पण जरा उशिरा. म्हणून गणिती धावण्याचे उष्णतामान वेगळे धरतात आणि थरथरीचे वेगळे. यानात माणसे असतात. त्यांच्या कवचाला किती आच लागेल, हे या वाटणीवरही अवलंबून असते.

मॅक्सवेल 1879 मध्ये, अवघ्या 48 व्या वर्षी गेला. उत्तर त्याला पाहायला मिळाले नाही. पण न जुळणारी बाकी त्याने खोडली नाही, म्हणून ती पुढच्यांना सापडली. दिवाळीत आपण नव्या वह्यांची पूजा करतो. वहीतली अशी बाकी ठळक लिहून ठेवण्याची हिंमत, हीच त्या पूजेची खरी दक्षिणा नव्हे काय?