१२७चा हट्ट

पालम तालुक्यात हरिनाम सप्ताह असो, लग्न असो की गंगाखेड-लोहा रस्त्यावरच्या एखाद्या गावचा ऑर्केस्ट्रा, कीबोर्ड आता सगळीकडे दिसतो. यामाहाची पीएसआर-आय मालिका किंवा रोलँडचा एक्सपीएस-१० यांत भारतीय वाद्यांचे आवाज तयारच मिळतात. त्यामुळे ढोलक, बेस, स्ट्रिंग्ज आणि सनई हा सगळा पसारा एकटा वादक सांभाळतो. त्याला हमखास मिळणारा सल्ला असा: “सगळे चॅनेल १२७ वर ठेव, आवाज दणदणीत येतो.”

येत नाही. फाटतो.

१९८३ साली इलेक्ट्रॉनिक वाद्ये जोडण्याची मिडी ही पद्धत आली. तिच्यात १६ चॅनेल असतात आणि प्रत्येकाचा व्हॉल्यूम ० ते १२७ या आकड्यांत मोजला जातो. हे सगळे चॅनेल कीबोर्डच्या आत एकत्र मिसळतात आणि बाहेर पडतात ते डाव्या-उजव्या दोनच जॅकमधून. डिजिटल मिश्रणाला वरची मर्यादा असते. बेरीज तिच्यापुढे गेली की लहरींचे शेंडे कापले जातात आणि सनई चिरकते. काही यंत्रांत हे टाळायला लिमिटर असतो. मग ढोलकाची थाप पडली की मागच्या स्ट्रिंग्ज दबतात आणि वादक स्पीकरला दोष देत बसतो. मास्टर व्हॉल्यूम उतरवूनही उपयोग होतोच असे नाही, कारण अनेक कीबोर्डवर तो मिश्रणानंतर येतो. फाटलेला आवाज तसाच राहतो, फक्त हळू ऐकू येतो.

शिवाय सगळेच १२७ वर असतील, तर त्यांचे आपसातले प्रमाण सगळेच १०० वर असताना जे असते तेच राहते. मुख्य सूर पुढे आणायचा तर बाकीचे मागे न्यावे लागतात. इतकी साधी गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते, याचा खरोखर त्रास होतो, कारण या हट्टापायी चांगल्या बोटांचे वादक बेसूर ठरतात.

“पण ६४ केलं तर आवाज निम्म्यावर येईल,” ही भीती त्यामागे असते. मिडी मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशनच्या जनरल मिडी मार्गदर्शिकेने सुचवलेल्या सूत्रानुसार १२७ वरून ९० वर आल्यास सुमारे ६ डेसिबल कमी होतात आणि ६४ वर आल्यास सुमारे १२. आकडा आणि आवाज सरळ प्रमाणात चालत नाहीत. गेलेले डेसिबल मिक्सरच्या गेनवर परत मिळतात, कापलेले शेंडे मात्र कोणत्याच बटणाने परत येत नाहीत. म्हणून मुख्य आवाज १०० च्या आसपास ठेवावा, ढोलक आणि बेस त्याच्या खाली आणि स्ट्रिंग्ज ६०-७० वर. पुढचे कानाने ठरवावे.

पूर्वी हा तोल वाद्याबाहेर साधता येई. मुंबईत १९८२ साली संगीतकार चरणजित सिंग यांनी ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टु अ डिस्को बीट’ हा अल्बम केला. त्यात रोलँडची ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ ही तीन स्वतंत्र यंत्रे होती. प्रत्येकाचा आउटपुट वेगळा असल्यामुळे त्यांचा तोल मिक्सरवर साधता येत होता. आज सगळी वाद्ये एकाच पेटीत आली आहेत. दोन जॅकमधून आलेल्या मिश्रणातून साऊंडवाला सनई वेगळी काढू शकत नाही; ते काम वादकाचेच.

दुसरी तक्रार इफेक्टची. “एकटा वाजवला तर गिटारचा टोन भारी, चार टोन जोडले की पांचट. कीबोर्ड बिघडला!” बिघडलेला नसतो. रिव्हर्ब आणि कोरस हे बहुधा सगळ्या चॅनेलना सामायिक असतात. प्रत्येक चॅनेल त्यांच्याकडे किती आवाज पाठवतो, तेवढेच ‘सेंड’ या सेटिंगने ठरते (मिडीत रिव्हर्ब सेंडचा कंट्रोलर क्रमांक ९१, कोरसचा ९३). डिस्टॉर्शन किंवा रोटरीसारखा इन्सर्ट इफेक्ट मात्र एखाद्याच चॅनेलच्या वाटेत बसतो आणि असे इफेक्ट मोजकेच असतात. चार टोन जोडले की ते कुणाला द्यायचे, हे सेटिंगमध्ये सांगावे लागते.

रिव्हर्बने आवाज मोठा होत नाही, लांब जातो. पत्र्याच्या मंडपात तर शब्दच पुसले जातात. सेंड शून्य केला म्हणून इन्सर्ट इफेक्ट बंद होत नाही. रिव्हर्बचा हॉलऐवजी रूम हा प्रकार निवडला की तो सगळ्याच चॅनेलना लागू होतो. एक्स्प्रेशन पेडल ठरवलेल्या व्हॉल्यूमच्या आतच वर-खाली करते, त्याच्या वर नेत नाही. आणि जोरात वाजवणे म्हणजे व्हॉल्यूम वाढवणे नव्हे. बऱ्याच टोनमध्ये बोटांच्या जोराने आवाजाचा पोतही बदलतो.

सप्ताहाच्या किंवा लग्नाच्या आदल्या दिवशी अर्धा तास काढून प्रत्येक चॅनेल खाली आणावा, एकेक वर घेत तोल साधावा आणि शेवटी तो सेव्ह करावा. बहुतेक कीबोर्डवर सेव्ह न केलेला बदल वीज जाताच पुसला जातो.